आथानी कैरी, तथानी कैरी... पण खडक का फुटला?

पांझराकाठ

प्रश्न माझा नाही, माझ्या साडेपाच वर्षांच्या लेकीचा आहे. तीन दिवस झाले, ती पिच्छा सोडत नाहीये.

आम्ही पुण्यात राहतो. बाल्कनीत दोरीचा झोका टांगलाय. तिला त्यावर बसवलं की मी मला धड येणारं एकुलतं एक गाणं म्हणतो. खानदेशातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी देतो:

आथानी कैरी, तथानी कैरी
कैरी झोका खाय वं
कैरी तुटनी, खडक फुटना
झुयझुय पानी व्हाय वं
झुयझुय पानी व्हाय तठे
कसाना बजार वं
झुयझुय पानी व्हाय तठे
टिपऱ्यासना बजार वं
माय माले टिपऱ्या ली ठेवजो वं

म्हणजे इकडची कैरी, तिकडची कैरी, कैरी झोके घेतेय. कैरी तुटली, खडक फुटला, झुळझुळ पाणी वाहायला लागलं. तिथं बाजार कशाचा भरलाय? टिपऱ्यांचा. आई, मला टिपऱ्या घेऊन ठेव. मग टिपऱ्यांच्या जागी बांगड्या, बांगड्यांच्या जागी आणखी काही, असं झोका थांबेपर्यंत चालू.

परवा लेकीनं पाय टेकवून झोका थांबवला. "बाबा, कैरी दगडावर पडली तर कैरी फुटेल ना? दगड कसा फुटला?" मी म्हटलं, गाणं आहे गं ते. "मग गाण्यात दगड का फोडला?"

खरं सांगतो, चाळीस वर्षं हे गाणं तोंडात आहे, पण हा प्रश्न कधी पडला नाही. मी ते फुईकडून, म्हणजे आत्याकडून शिकलो. आमचं गाव साक्री तालुक्यात. मोट केव्हाच बंद पडली होती, विहिरीवर इंजिन आलं होतं, पण मोटेचा नाडा माळ्यावर जपून ठेवलेला असायचा आणि आखाजीला खाली उतरायचा. खळ्यातल्या निंबाला तो बांधायचा, खाली गोणपाटाची चौपदरी घडी. तरी मांडीला वळ उठायचेच. फांदीवर जिथं नाडा घासायचा तिथली साल जाऊन लाकूड दाराच्या उंबऱ्यासारखं गुळगुळीत झालं होतं. वर झोका गेला की कच्च्या निंबोळ्या डोक्यात पडायच्या. फुई मागून ढकलायची आणि म्हणायची.

तर जाणकारांनो, हे गाणं आलं कुठून? खडकाचं काय? आणि टिपऱ्यांच्या पुढे काही आहे का? मला एवढंच येतं.

बिब्बा_अमळनेर

पहिली दुरुस्ती. हे बडबडगीत नाही, गौराईचं गाणं आहे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाख शुद्ध तृतीया. बाकी महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. दिवाळीला आली नाही तर एकवेळ चालेल, आखाजीला आली नाही तर गल्लीत विचारपूस होते. गौराई बसते, झोके बांधले जातात, घागर भरून तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवून पितरांना पुजतात, पुरणपोळी-आमरस होतो. सालदाराचं सालही आखाजी ते आखाजी मोजतात. आणि हो, पुरुष मंडळी पत्ते कुटतात. त्याबद्दल गाणं नाही, शिव्या आहेत.

झोक्यावर म्हणायचं म्हणून चाल झोक्याची. 'आथानी' म्हणताना पुढे, 'तथानी' म्हणताना मागे. पोरं ते ऐकत ऐकत मोठी झाली, म्हणून पोरांचं झालं.

निंबोणी

मी कोकणातली, त्यामुळे आखाजी नवीनच कळली. धागा मस्त. आमच्या लहानपणी 'अडगुलं मडगुलं'. त्याचा अर्थ तर घरात कुणालाच सांगता यायचा नाही. विश्वनाथ खैरे यांनी मराठीचं तमिळशी नातं दाखवताना पुस्तकाला तेच नाव दिलं होतं. तसं काही या गाण्याचं आहे का?

तापीचा_गाळ

@निंबोणी, इथे एवढं लांब जायला नको. अडगुलं-मडगुलंचे शब्द आपल्या कानाला परके लागतात. या गाण्यातला एकही शब्द अहिराणी बोलणाऱ्याला परका नाही, आजही बाजारात ऐकाल. आथा म्हणजे इकडे, तथा म्हणजे तिकडे. आठे इथे, तठे तिथे, कठे कुठे. षष्ठीला ना-नी-नं लागतं: कसाना, टिपऱ्यासना. चतुर्थीला ले: माले, तुले. 'आहे'ला शे. गुजराती येत असेल तर निम्मं काम झालंच. आणि आमच्याकडे ळ बसत नाही, त्याचा य होतो. काळा तो काया, केळी त्या केयी, झुळझुळ ते झुयझुय. माझ्या कानाला विचाराल तर पाण्याला झुयझुय जास्त शोभतं. झुळझुळमध्ये जीभ मध्येच अडते, पाणी कशाला अडेल?

ग्रिअर्सननं १९०७ च्या खंडात खानदेशीला मराठीत न बसवता भिल्ली बोलींच्या शेजारी बसवलं होतं. तेव्हापासून वाद चालू आहे.

चोखंदळ

वाद कसला? अहिराणी मराठीचीच बोली आहे.

तापीचा_गाळ

झालं सुरू. बोलीच म्हणा की, माझी काही हरकत नाही. फक्त 'अशुद्ध मराठी' म्हणू नका. आमच्या वर्गात 'शे' म्हटलं की छडी बसायची आणि 'आहे' म्हटलं की घरी हसायचे. दोन्हीकडून मार.

सोनचाफा

बहिणाबाईंनीसुद्धा आखाजीच्या झोक्यावर लिहिलंय ना? त्यांची अहिराणी किती गोड!

केळीबाग_यावल

लिहिलंय, पण अहिराणीत नाही. बहिणाबाई आमच्याकडच्या, जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांची बोली लेवा. अहिराणी धुळे-नंदुरबारकडे, जळगावचा पश्चिम भाग, शिवाय सटाणा-मालेगाव. यावल, रावेर, भुसावळ, जामनेरकडे आलात की बोली बदलली. ळ चा य आम्हीही करतो, 'ले' प्रत्यय आम्हीही लावतो, म्हणून बाहेरच्यांना सगळं एकच वाटतं. पण 'शे' आमच्या तोंडी नाही. ही चूक दर धाग्यात होते, दर धाग्यात मीच दुरुस्त करतो. आता त्याचा पगार घ्यायला हवा.

त्यांच्या झोक्याच्या कवितेत झोका पुढे गेला की माहेराला जातो, मागे आला की सासरी येतो. ते डोक्यात ठेवा, इथे कामाला येईल असं वाटतं.

पांझराकाठ

सगळ्यांचे आभार, पण खडक अजून तसाच आहे. लेकीला षष्ठीचे प्रत्यय सांगून पाहिले. तिनं कान झाकून घेतले.

चोखंदळ

खडकात काही नाही. तुटनी आणि फुटना जुळलं, बास. पोरांच्या गाण्यात तर्क शोधायचा नसतो. 'ये रे ये रे पावसा'मध्ये तरी पैसा खोटा निघाल्यावर पाऊस मोठा का येतो?

काळा_पाषाण

बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज लिहितो. आमचं घराणं विहिरी खोदणारं. आजोबा, वडील, दोन काका. मी शाळेला सुट्टी लागली की सोबत.

विहिरीचं काम उन्हाळ्यात. पाडव्याच्या पुढे सुरू आणि मिरगाच्या आत आटपायचं, कारण पाऊस लागला की खड्डाच भरतो. वर माती, तिच्याखाली मुरूम, तोवर कुदळ चालते. मग पोचट खडक, तोही पहारीनं निघतो. त्याखाली काळा पाषाण. त्यावर पहार टाकली की ठणका थेट खांद्यात येतो. पहार फिरवत फिरवत एक वीत भोक पाडायला सकाळ जाते. मग सुरुंग ठासायचा, वात लावायची, सगळ्यांनी पळून निंबाखाली जायचं. धुरळा बसेपर्यंत कुणी बोलत नाही.

आपल्या काळ्या दगडात पाणी मुरत नाही, ते भेगांतून फिरतं. तुम्ही पन्नास फूट खाली गेलात आणि भेग दोन हात बाजूला राहिली तर विहीर कोरडी. म्हणून सुरुंगानंतर आजोबा आधी खाली उतरायचे, एकटेच. आम्ही काठावर पोटावर झोपून ऐकायचो. ऐकायचो म्हणतोय, बघायचो नाही, कारण खाली अंधार असायचा. झरा लागला असेल तर बारीक आवाज यायचा. तो आवाज झुयझुयच असतो. मला दुसरा शब्द माहीत नाही. मग आजोबा वर बघून हात करायचे, आणि शेतमालकाच्या घरून नारळ यायचा.

तेव्हा भाऊसाहेब, खडक फुटल्याशिवाय खानदेशात पाणी नाही. गाणं आहे वैशाखातलं, कैऱ्या पिकायला आल्या की विहिरीची कामं जोरात असतात. आखाजीला झोक्यावर बसलेल्या पोरीला शिवारातून सुरुंगाचा आवाज येत असणारच. कैरी पडायला आणि तिकडे 'धडाम' व्हायला एकच गाठ पडली, तर तिला काय वाटेल? माझ्या कैरीनंच फोडला. हा माझा अंदाज आहे. पुरावा मागू नका.

चोखंदळ

माझे शब्द मागे घेतो. तुमच्या आजोबांना दंडवत.

निंबोणी

+१. काठावर पोटावर झोपून पाण्याचा आवाज ऐकणारी पोरं... हे वाचून झोप लागेना.

बिब्बा_अमळनेर

काळा_पाषाण, जमलं! त्यात भर घालतो. गौराईच्या दुसऱ्या एका गाण्यात चैत-वैशाखाच्या उन्हात खडक तापून लाल होतात आणि मायच्या पायाला फोड येतात. तोच महिना, तोच खडक. आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा रस्त्यात अनवाणी चालून बघा, गाणं पाठ करावं लागणार नाही. एका गाण्यात खडक भाजतो, दुसऱ्यात तोच फुटून पाणी देतो. बायका दोन्ही गाणी एकाच झोक्यावर म्हणतात.

अवांतर: सुरुंगाच्या आधीही विहिरी होत्याच, तेव्हा खडक तापवून त्यावर पाणी ओतून तडकवायचे असं वडीलधारे सांगत. म्हणजे गाणं सुरुंगाहून जुनं असलं तरी तुमचा अंदाज टिकतो.

गिरणाथडी

मी नातू टाइप करतोय. हा धागा आजीला वाचून दाखवला. तिचं वय ७१, माहेर भडगाव तालुक्यातलं. ती सांगतेय तसं लिहितो.

आजी म्हणते, विहिरीचं राहू द्या, तुमचं गाणं अर्धं आहे. 'टिपऱ्या ली ठेवजो वं' झाल्यावर एक ओळ येते:

बंधूना हातमा दी धाडजो वं

ती ओळ नसेल तर टिपऱ्या मायच्याच घरी राहतील, पोरीच्या काय कामाच्या? पोर सासरी आहे. तिथून ती मायला सांगतेय की बाजारातून घे आणि भावाच्या हाती देऊन पाठव.

(मी विचारलं, लग्न झालेली बाई टिपऱ्या कशाला मागेल? आजीनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच येडा. म्हणाली, "बाई कुठे होती ती, पोरच होती." पणजीचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. सासरी भाकरी थापायला पाट द्यायचे, टिपऱ्या कोण देणार?)

आजी म्हणते, म्हणून त्या गाण्यात आधी टिपऱ्या येतात, बांगड्या नंतर. आणि तुम्ही म्हणता 'आणखी काही', तर ते ठरलेलं नसतं. झोक्यावर जी बसेल तिनं तिला हवं ते मागायचं. एकीनं चष्मा मागितला होता, सगळ्या हसून हसून झोक्यावरून पडायच्या बेतात होत्या.

लेकीला न्यायला येतो तो मुऱ्हाळी. आजीच्या तोंडी मुऱ्हाई. आखाजी आठ दिवसांवर आली की सासुरवाशिणी पाणी भरायला जाताना मुद्दाम गावाबाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून हंडा ठेवायच्या. बैलगाडीची धूळ दिसली की कुणाचा भाऊ यावर पैजा. आजीचा भाऊ सायकलवर यायचा, त्याची धूळ दिसायची नाही, म्हणून ती नेहमी पैज हरायची.

केळीबाग_यावल

बघा, झोका माहेराला जातो नि सासरी येतो म्हटलं होतं ना? आथानी कैरी आणि तथानी कैरी. आता बाकीचं सांगायला नको.

सोनचाफा

भोंडल्यातल्या 'अरडी गं बाई परडी'त आम्ही 'दारी मूल कोण गं' म्हणायचो. सासरा आला, दीर आला, नवरा येईपर्यंत ती कुणाबरोबर जातच नाही. मला वाटायचं दारात कुणाचं तरी मूल उभं आहे. कॉलेजात गेल्यावर कळलं, ते 'मूळ', न्यायला आलेला माणूस. दोन्ही गाण्यांत वाट बघणंच आहे, फक्त तिथे सासरचे येतात नि ती नाही म्हणते, इथे भाऊ यावा म्हणून ती बाजार मांडते.

तापीचा_गाळ

आजीबाईंच्या ओळीवर एक व्याकरणाचं. कान झाकणाऱ्यांनी पुढे जा. 'ली ठेवजो' म्हणजे घेऊन ठेव. ज्याला स्वतः येऊन घ्यायचंय तो 'ठेव' म्हणतो. 'दी धाडजो' म्हणजे देऊन पाठव. ज्याला येता येत नाही तो 'धाड' म्हणतो. पूर्ण गाण्यात दोन्ही आहे. पांझराकाठ यांच्या फुईंच्या गाण्यात नुसतं 'ठेव' आहे. मी काही म्हणत नाही, फक्त नोंदवतो.

पांझराकाठ

दोन दिवस इथे आलो नाही. गिरणाथडी यांची ओळ वाचून मोठ्या बहिणीला फोन केला. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. विचारलं, तुला ही ओळ येते का? म्हणाली, येते की, फुईनंच शिकवली. मग मला का नाही शिकवली? ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तू तेव्हा लहान होतास."

आजोबा गेले त्या वर्षीची गोष्ट. सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लागली, फुईचंही लागलं. आमच्याकडे रीत अशी की बहिणीनं हक्कसोड करून द्यायचं आणि भावानं साडी नेसवायची. फुईनं सही केली, पण लगेच केली नाही. म्हणाली, घरी विचारून सांगते. एवढंच. वडिलांना ते लागलं. त्या आखाजीला ते तिला आणायला गेले नाहीत. नाडा माळ्यावरून उतरला नाही, आणि आम्हाला सांगितलं की निंबाची फांदी किडलीय. मला ती फांदी आठवते, चांगली धडधाकट होती. पुढच्या वर्षी चुलतकाका जाऊन फुईला घेऊन आले, सहीही झाली, साडीही झाली, सगळं पुन्हा सुरळीत. बहीण म्हणते, त्या वर्षापासून फुई झोक्यावर ती ओळ म्हणत नव्हती. 'ली ठेवजो वं' म्हणून सरळ बांगड्यांवर यायची. मी झोक्यावर बसायला लागलो ते त्यानंतर.

वडील आता नाहीत. त्यांना विचारायचं राहिलं असंही म्हणवत नाही, कारण विचारलं असतं तर ते उठून गोठ्यात गेले असते.

काळा_पाषाण

भाऊ, फुई आहेत ना? मग फोन करा.

निंबोणी

करा. आणि आम्हाला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पांझराकाठ

काल रात्री केला. फुई ७८ ची आहे, सटाण्याकडे असते, ऐकायला कमी येतं म्हणून दोघंही ओरडून बोलतो. माझ्या लेकीनं फोन घेऊन तिला आख्खं गाणं म्हणून दाखवलं, नवीन ओळीसकट. (मध्ये तिनं सायकलचा बाजार भरवला. तिला भाऊ नाही, म्हणून 'बाबाना हातमा दी धाडजो वं' केलं.) पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटलं फोन कटला.

मग फुई म्हणाली, "ती वळ तुले कोन सांगी?" मी सांगितलं, भडगावकडच्या एका आजींनी. ओळखत नाही मी त्यांना. मग विचारलंच, तू का म्हणायची नाहीस? म्हटलं तर फार सरळ सांगितलं तिनं. "त्या साले तुना बाप उनाच नही. मंग तो शबद कसाले म्हनू?" त्या वर्षी तुझा बाप आलाच नाही, मग तो शब्द कशाला म्हणू.

मी काय बोलणार? म्हटलं, यंदा आखाजीला मी येतो तुला न्यायला. गाडी घेऊन येतो, पुण्याला ये, बाल्कनीत झोका आहे. ती हसली. म्हणाली, त्या पाळण्याला झोका म्हणतोस का? निंब पाहिजे. मग एकदम विचारलं, "पुन्याले डांगर भेटस का रे?"

भेटतं म्हटलं.

"तठलं नको. मी आठून ली येसू."